पेंढीची गाठ



इतिहासाच्या व्याख्यानाला येताना आपण लढाया, तह आणि राज्याभिषेक यांची अपेक्षा ठेवून येता. मी आज आपल्यापुढे मांडणार आहे ती हकीकत एका गाठीची आहे. ही गाठ धान्याच्या पेंढीला मारलेली, सुतळीची, साधीच. ती मारण्यास माणसाला दोन-चार पळे पुरतात. परंतु तीच गाठ यंत्राने मारावी म्हणून एका खंडातील कारागीर वीस-पंचवीस वर्षे खपले. आणि ती साधली तेव्हा तिचे दुसरे टोक कोठच्या कोठे जाऊन कोणाच्या पायांत अडकले, हे पाहिले म्हणजे यंत्रांच्या इतिहासाकडे बघण्याची आपली दृष्टी थोडी बदलल्यावाचून राहत नाही.

आपल्याकडे ज्वारीचा कडबा बांधताना वेगळी दोरी विकत आणीत नाहीत. चार काड्या घेऊन त्यांना पीळ द्यायचा, तो पेंढीभोवती फिरवायचा आणि टोक खाली खोचून द्यायचे, की झाले. या बंधाला आपण आळा म्हणतो. 'आळा घालणे' हा वाक्प्रचार शहरातल्या माणसाच्याही तोंडी आहे. पण पिकाला आवळणारा तो मूळचा आळा त्याने बहुधा पाहिलेला नसतो. पाच पेंढ्यांचा पाचुंदा, पाचुंद्यांची गंजी, आणि खळ्यावर बलुतेदाराच्या वाट्याला येणाऱ्या पेंढ्या, असा आपला सगळा हिशेब पेंढीवर चालत आला. कापणारे हात आणि बांधणारे हात एकाच गावचे असत. म्हणून बांधणी हा निराळा प्रश्न आहे असे कोणास वाटलेच नाही.

अमेरिकेत तो प्रश्न उभा राहिला. तेथे जमीन अफाट आणि माणसे थोडी. गहू पिकला म्हणजे तो आठ-दहा दिवसांत कापून बांधला पाहिजे. नाही तर दाणा गळतो किंवा वादळ त्याला लोळवते. तेव्हा शेतकऱ्याने किती पेरावे हे जमिनीवर अवलंबून नव्हते, त्या आठ-दहा दिवसांत किती हात मिळतील यावर होते. सायरस मॅकॉर्मिक याने १८३१ साली व्हर्जिनियात घोड्यांनी ओढावयाचे कापणीयंत्र चालवून दाखविले. ओबेड हसी याने १८३३ साली आणि मॅकॉर्मिकने १८३४ साली आपापल्या यंत्रांचे हक्क नोंदविले. पुढे मॅकॉर्मिकने शिकागोस कारखाना काढला आणि १८५१ च्या लंडनच्या महाप्रदर्शनात त्याच्या यंत्राला पदकही मिळाले. ही हकीकत शाळेच्या पुस्तकांतून आपण वाचलेली असते.

पुस्तकांत नसते ती पुढची अडचण. यंत्र कापू लागले, पण कापलेले पीक जमिनीवर पसरलेले राही. त्याच्यामागे वाकून चालत, काडाचा पीळ करून पेंढ्या बांधणारी पाच-सहा माणसे लागतच. म्हणजे विळा सुटला, कंबर मोडणे सुटले नाही. एका कामाला वेग आला की त्याच्या पुढचे काम आपोआप संथ ठरते, हा यंत्रयुगाचा एक नियमच म्हणावा लागेल. सूतकताई वाढली तेव्हा विणकर अपुरे पडले. कापणी वाढली तेव्हा बांधणारे अपुरे पडले.

इलिनॉय प्रांतातील मार्श नावाच्या दोघा भावांनी १८५८ साली यावर अर्धा उपाय काढला. कापलेले पीक पट्ट्यावरून वर चढवून ते यंत्रावरच उभ्या असलेल्या दोघा माणसांपुढे आणून सोडायचे आणि त्यांनी उभ्या उभ्या पेंढ्या बांधायच्या. वाकणे गेले, चालणे गेले, आणि पाच-सहा माणसांचे काम दोघांवर आले. आता ते दोघेही नकोत, इतकाच प्रश्न उरला. तो 'इतकाच' प्रश्न सोडविण्यास आणखी वीस वर्षे लागली. कारण ते दोघे जे करीत होते ती गाठ होती.

गाठ मारणे कठीण का, याचा आपण कधी विचार करीत नाही. गाठीत दोरीचे टोक दोरीच्याच फाशातून पलीकडे न्यावे लागते. आणि ते नेताना एका हाताने सोडून दुसऱ्या हाताने धरावे लागते. यंत्राला ढकलणे, फिरविणे, कापणे साधते. सोडणे आणि पुन्हा नेमके धरणे मोठ्या मुश्किलीने साधते. म्हणून बहुतेक शहाण्यांनी गाठ टाळण्याचाच रस्ता धरला.

गाठ टाळावयाची तर धातूचा आश्रय घ्यावा लागतो. याचे एक उदाहरण आपल्या पाहण्यातले आहे. कापसाच्या गासडीला आपण गाठ म्हणतो. पण गंमत अशी की त्या गाठीला गाठ नसते! दाबयंत्रात कापूस आवळून त्याभोवती लोखंडी पट्ट्या घालतात आणि त्यांची टोके धातूच्या कडीत अडकवितात. दाब काढला की कापूस फुगतो आणि स्वतःच्याच जोराने ती कडी घट्ट करतो. ३९२ पौंडांची मुंबईची जुनी गासडी याच जातीच्या बंधाने समुद्रापार जाई. आज ती १७० किलोंची धरतात. या क्षुल्लक कडीवरून अमेरिकेत सर्वोच्च न्यायालयापर्यंत भांडण गेले. तेथे एका कंपनीने आपल्या कड्यांवर 'एकदाच वापरण्याचा परवाना' असा ठसा उमटविला होता. गिरणीत गासडी फोडल्यावर पट्ट्या आणि कड्या मोडीत जात. त्या मोडीतून विकत घेऊन, तुकडे जोडून, काही व्यापारी पुन्हा विकू लागले. १८८२ साली न्यायालयाने निकाल दिला की, ही नव्याने केलेली घडण आहे आणि ती कंपनीच्या हक्काचा भंग करते. विकत घेतलेली मोडसुद्धा पूर्णपणे आपली होत नाही, ही गोष्ट एका कडीने जगाला शिकविली.

पेंढीच्या बाबतीत धातूचा मार्ग म्हणजे तार. तारेला गाठीची जरूर नाही. दोन टोके एकत्र करून पीळ दिला की काम भागते, आणि पीळ देणे यंत्राच्या हातचा मळ. विस्कॉन्सिन प्रांतातील जेन्सव्हिल या गावच्या चार्ल्स विदिंग्टनने १८७२ साली अशा बांधणीयंत्राचा हक्क नोंदविला. मॅकॉर्मिकने ते यंत्र उचलले आणि तारेने बांधलेल्या पेंढ्या शेतोशेत पडू लागल्या. यंत्र उत्तम चाले. अडचण निघाली ती यंत्राबाहेर.

तार पेंढीबरोबर मळणीला गेली आणि तिचे तुकडे भुशात राहिले. भुसा गुरांनी खाल्ला. तारेचे तुकडे पोटात जाऊन जनावरे दगावू लागली. काही तुकडे धान्याबरोबर पिठाच्या गिरणीत पोचले. तेथे जात्याखाली लोखंड आले की ठिणगी उडण्याची भीती आणि गिरणीच्या हवेत पिठाची धूळ! तारेचे तुकडे वेचून काढण्यासाठी गिरणीवाल्यांना लोहचुंबक बसवावे लागले. ज्याने यंत्र केले त्याने पेंढी बांधली जाईपर्यंतच विचार केला होता. पेंढी सोडल्यानंतरचा विचार त्याच्या हिशेबात नव्हता. आपला काडाचा आळा गाय खाऊन टाकते, हा त्याचा गुण आहे, हे तारेने जगाला उलट बाजूने पटविले.

मग सुतळीकडे वळणे आले आणि सुतळीबरोबर गाठ आली. येथे जॉन फ्रान्सिस ॲपलबी या माणसाचे नाव घेतले पाहिजे. त्याचा जन्म १८४० चा. विस्कॉन्सिनमध्ये शेतावर वाढलेला हा मुलगा अठराव्या वर्षी, १८५८ साली, गाठ मारणाऱ्या यंत्राचा एक लाकडी नमुना कोरून बसला होता. पुढे यादवी युद्ध आले, तो सैन्यात गेला, परत आला, तारेच्या यंत्रांवरही त्याने काम केले. तारेविषयी शेतकऱ्यांची कुरकुर ऐकून तो पुन्हा आपल्या जुन्या गाठीकडे वळला. १८७८ च्या सुमारास त्याचे यंत्र शेतात चालू लागले. मात्र याचे सर्व श्रेय एकट्याला देणे न्यायाचे होणार नाही. गाठीच्या यंत्राचा जो मर्मभाग, ती फिरणारी चोच, इलिनॉयमधील रॉकफर्डच्या जेकब बेहेलने १८६४ सालीच शोधून काढली होती. ॲपलबीने चोच, सुई, सुरी आणि पकड यांची एकमेकांशी अचूक वेळ जुळविली.

ही कृती आपण घरी गेल्यावर स्वतः करून पाहू शकाल. सुतळी दुहेरी करून उजव्या हाताच्या तर्जनी आणि मध्यमा या दोन बोटांवर आडवी टाका. आता मनगटासह हात एक वेढा फिरवा. बोटांभोवती फास तयार होईल. वेढा पुरा होता होता बोटे कात्रीसारखी उघडून सुतळीची मोकळी टोके चिमटीत धरा. मग डाव्या हाताने तो फास बोटांवरून पुढे ओढून काढा. टोके चिमटीत असल्यामुळे फास त्यांच्यावरून सरकतो आणि गाठ बसते. यंत्रातील चोच नेमके हेच करते. धान्य साचून ठराविक दाब आला की खटका सुटतो. हत्तीच्या सुळ्यासारखी वाकडी सुई सुतळी घेऊन पेंढीभोवती फिरते आणि ती चोचीवर टाकते. एक चकती टोके धरून ठेवते. चोच एक गिरकी घेते, उघडते, मिटते. सुरी सुतळी कापते. आणि एक दांडा फास ओढून काढतो. पेंढी बाजूला फेकली जाते. डोळ्याचे पाते लवते न लवते तोच हे सारे घडते, आणि दिवसभर घडत राहते. पुढे गवताचे चौकोनी गठ्ठे बांधणारी यंत्रे निघाली, त्यांतही हीच चोच बसली. आणि आपल्याकडे गहू-भात कापून बांधणारी जी छोटी यंत्रे आज विकली जातात, त्यांतही तीच गिरकी घेत आहे.

विल्यम डीअरिंग हा पूर्वाश्रमीचा कापडाचा व्यापारी. त्याला या गाठीची किंमत प्रथम कळली. १८८० च्या हंगामासाठी त्याने तीन हजार सुतळीची यंत्रे बाजारात आणली. मॅकॉर्मिक तारेला चिकटून होता; परंतु वारे ओळखून १८८१ साली त्यानेही ॲपलबीच्या हक्काचा परवाना घेतला. थोड्याच वर्षांत तार इतिहासजमा झाली. घोडे हाकणारा एक माणूस आता कापणीही करी आणि बांधणीही.

जे बांधणारे हात मोकळे झाले त्यांचे काय? त्यांना मोकळे होण्याची हौस नव्हती. आधीच १८७३ पासून मंदी चालू होती. १८७८ च्या उन्हाळ्यात अमेरिकेच्या मध्यप्रांतात ठिकठिकाणी शेतमजुरांनी कापणी-बांधणीची यंत्रे मोडली आणि जाळली. इंग्लंडातील यंत्रमोड्यांची कथा सर्वांना ठाऊक असते. ही मात्र फारशी कोणी सांगत नाही, कारण ज्या देशाला यंत्रांचा अभिमान आहे त्याला ती गैरसोयीची वाटते.

पण माझ्या मते या इतिहासातले सर्वांत मोठे प्रकरण याहून निराळे आहे. गाठ मारणारे यंत्र दर हंगामाला सुतळी खाते. काडाचा आळा फुकट होता. सुतळी विकत घ्यावी लागते. डीअरिंगला प्रथम योग्य सुतळीच मिळेना. तो फिलाडेल्फियाच्या फिट्लर नावाच्या दोरखंडवाल्याकडे गेला आणि एकपदरी, गुळगुळीत, गाठीत न अडकणारी सुतळी करून देण्याची गळ त्याला घातली. एकपदरी सुतळीचा धंदा तो काय, असे त्या गृहस्थाला वाटले असल्यास नवल नाही. पण लवकरच तो धंदा जहाजांच्या दोरखंडांच्या बरोबरीला येऊन बसला.

या सुतळीचा वाख दोन ठिकाणांहून येई. एक फिलिपाइन्सचा मनिला वाख. तो चांगला, पण महाग. दुसरा मेक्सिकोच्या युकाटन द्वीपकल्पातील एनेकेन या वनस्पतीचा. ही आपल्या घायपाताची सख्खी बहीण. लांब, मांसल, काटेरी पाती. खडकाळ, कोरड्या जमिनीत वाढणारी. लावल्यापासून पाच-सात वर्षांनी कापणीला येणारी. ज्या बंदरातून हा वाख प्रथम बाहेर गेला त्याचे नाव सिसाल. त्यावरून 'सिसल' हे व्यापारी नाव पडले. १८७५ च्या सुमारास युकाटनमधून वाखाच्या सुमारे चाळीस हजार गासड्या बाहेर जात. १९१० च्या सुमारास तो आकडा सहा लाखांवर गेला. मेरिदा शहरात विजेचे दिवे आले, रुंद रस्ते झाले, त्यांवर युरोपच्या धर्तीचे वाडे उठले.

ते वाडे कोणाच्या पाठीवर उठले? तेथील शेतांवर माया लोक राबत. कायद्याने ते गुलाम नव्हते. ते कर्जदार होते. मालकाच्या वहीत त्यांचे दोन हिशेब असत. लहान हिशेब म्हणजे रोजच्या दाणागोट्याचा. मोठा हिशेब म्हणजे लग्नाकार्यासाठी, दुखण्याखुपण्यासाठी घेतलेल्या रकमेचा. लहान हिशेब एखादे वेळी फिटे; मोठा कधीच फिटत नसे, आणि तो फिटेपर्यंत शेत सोडता येत नसे. पळून गेलेला मजूर धरून परत आणला जाई. आपल्याकडील सावकारी आणि वेठबिगार यांचा इतिहास ज्यांनी वाचला आहे, त्यांना या वह्या अनोळखी वाटणार नाहीत. मजूर कमी पडू लागले तेव्हा उत्तरेकडील सोनोरा प्रांतातून, सरकारशी झुंजणाऱ्या याकी जमातीचे हजारो स्त्रीपुरुष धरून येथे आणले गेले. त्यांपैकी पुष्कळ जण या परक्या हवेत आणि कष्टांत मरण पावले. जॉन केनेथ टर्नर या अमेरिकन पत्रकाराने १९०९ साली ही परिस्थिती मासिकातून उघडकीस आणली. मजुराने दिवसाला दोन हजार पाती कापावीत, अशी अपेक्षा असल्याचे त्याने लिहिले. आणि या पात्यांचे काय करीत? पन्नास-पन्नासांची मोजून जुडी बांधीत. हाताने! ज्या यंत्राने जगातील पेंढी बांधणाऱ्याचे हात मोकळे केले, त्याला खाद्य पुरविणारा माणूस दिवसभर वाकून जुड्या बांधीत होता. बांधणीचे काम नाहीसे झालेच नव्हते. ते डाकोटाच्या शेतातून उठून दोन हजार मैलांवर, आणखी गरीब माणसाच्या कमरेवर जाऊन बसले होते.

१९०२ साली मॅकॉर्मिक, डीअरिंग आणि आणखी तीन कारखाने एकत्र होऊन इंटरनॅशनल हार्वेस्टर ही प्रचंड कंपनी निघाली. त्याच वर्षी तिने युकाटनमधील ओलेगारियो मोलिना याच्या पेढीशी गुप्त करार केला. वाखाचा भाव खाली आणण्यासाठी दोघांनी हातमिळवणी करावी, हे त्याचे सार. मोलिना हा तेव्हा त्याच प्रांताचा गव्हर्नर होता! भाव उतरला की लहान मालक मजुराला अधिक पिळी. म्हणजे शिकागोत ठरलेल्या पैशा-दोन पैशांचा भार शेवटी मोठ्या हिशेबाच्या वहीत जाऊन पडे.

ही गाठ सुटली तीही मेक्सिकोच्या क्रांतीत. १९१५ साली साल्वादोर अल्वारादो हा सेनापती गव्हर्नर म्हणून आला. त्याने कर्जबांधील मजुरांची सुटका अंमलात आणली आणि वाखाची विक्री सरकारी मंडळाच्या हाती एकवटली. महायुद्धाचा काळ, भाव भराभर चढला. आता ओरड झाली ती अमेरिकन शेतकऱ्यांची, आणि १९१६ साली तेथील सिनेटच्या समितीने चौकशी चालविली. त्या शेतकऱ्याला मी दोष देत नाही. तोही बँकेच्या कर्जात बुडालेला असे. सुतळीचा भाव परवडत नाही म्हणून मिनेसोटा प्रांताने आपल्या तुरुंगात सुतळी काढण्यास १८९१ सालापासून आरंभ केला होता. स्वस्त सुतळीसाठी एकीकडे कर्जदार, दुसरीकडे कैदी!

पुढचे लवकर सांगतो. १८९३ साली रिचर्ड हिन्डोर्फ या जर्मन शास्त्रज्ञाने सिसलची एक हजार रोपे फ्लॉरिडाहून पूर्व आफ्रिकेला मागविली. वाटेत बहुतेक मेली, बासष्ट जगली. त्या बासष्टांपासून टांगानिकाचे अफाट मळे झाले आणि युकाटनची मक्तेदारी संपली. कापणी आणि मळणी एकदमच करणारी यंत्रे अमेरिकेत पसरली, तेव्हा तेथे पेंढी बांधण्याचेच कारण उरले नाही. १९३७ साली अध्यक्ष कार्देनास याने युकाटनचे मळे मजुरांना वाटून दिले. पण वाटणी झाली तेव्हा त्या सोन्याचे बरेचसे पितळ झाले होते. त्यानंतर कृत्रिम धाग्याची सुतळी आली, आणि ती गुरांच्या पोटात गेल्यास काय होते, हा तारेचा जुना प्रश्न पुन्हा नव्या वेषात उभा राहिला.

ॲपलबी १९१७ साली वारला. त्याने कोणाचे वाईट चिंतिले नव्हते. गाठ चांगली होती, आजही चांगली आहे. यंत्रे करू नयेत असे सांगण्यासाठी मी येथे उभा नाही. वाकून पेंढ्या बांधणाऱ्या बाईची कंबर ज्याने पाहिली आहे तो असे कधी म्हणणार नाही. पण यंत्राने श्रम वाचले असे कोणी सांगितले, म्हणजे ते कोणाचे वाचले आणि कोणाकडे गेले, एवढे तरी विचारण्याची सवय आपण लावून घ्यावी.

आपल्या मुलखात रेल्वेच्या रुळांकडेला, माळावर, शेताच्या बांधावर घायपाताची बेटे दिसतात. निळसर हिरवी, टोकाला काटा असलेली. पुढच्या वेळी गाडीच्या खिडकीतून ती दिसतील तेव्हा त्या पात्यांकडे जरा निरखून पाहा. तशीच पाती मोजून, पन्नासांची जुडी बांधून, वहीतला मोठा हिशेब फिटण्याची वाट पाहणारी माणसे एके काळी होती. त्यांच्यापैकी बहुतेकांनी ते गाठ मारणारे यंत्र जन्मात पाहिले नव्हते.